देवाच्या नावाची काळी

सुभेदारांची आठवण निघाली की मी लोकांना त्यांच्या कोंबड्यांची कवायत सांगतो. लोक पोट धरून हसतात, आणि त्या हसण्यात पुढचं सांगायचं राहून जातं. राहून गेलं की मला सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून मागाहून लाजही वाटते. आता ऐकणारे फारसे उरले नाहीत, तेव्हा एकदा सगळं लिहून टाकावं म्हणतो.

मी मूळचा वाईचा. लढाईच्या दिवसांत कडेगावच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच धरला जाई. गावात भाड्याने देण्याजोगी खोली एकच होती, सुभेदारांच्या घरातली, आणि तिची मागची खिडकी त्यांच्या परड्यात, म्हणजे थेट कोंबड्यांच्या राज्यात उघडत होती. मी घाटाजवळच्या सोवळ्या घरात वाढलेला. आमच्याकडे अंडं हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारत. घरी खुशाली कळवताना मी 'एका निवृत्त लष्करी अंमलदारांकडे उतरलो आहे' एवढंच लिहिलं आणि कोंबड्यांचं नावही काढलं नाही.

ते फार दिवस लपलं नाही. वडील एकदा न कळवता आले. पडवीत बाजेवर टेकले, शेजारी सोवळ्याच्या धोतराची पिशवी ठेवली, आणि पाणी पिऊन होतं न होतं तोच सुभेदारांचा पांढरा कोंबडा त्या पिशवीवर चढून आरवला. वडिलांनी पिशवी उचलली. दुपारच्याच गाडीने परत गेले आणि पुन्हा त्या गावी आले नाहीत. सुभेदारांना मात्र फार वाईट वाटलं. पाहुण्याचा अपमान केला म्हणून त्यांनी कोंबड्याला 'क्वाटर गारदात' टाकलं, म्हणजे वेताच्या डालग्याखाली कोंडलं, आणि मला येऊन तसा 'रपोट' दिला. मी मान हलवली. मला हसूही येत होतं आणि जमिनीत गडप व्हावंसंही वाटत होतं. सुभेदारांच्या सहवासात हे दोन्ही एकदमच होत असे.

उंच, काटक माणूस. बायको वारलेली. धोतराखाली पलटणीचे बूट घालत आणि ते रोज चकचकीत करत. चुलीला लंगर म्हणत, झाडलोटीला फटीग म्हणत. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत आणि तो झाला की रिकाम्या घरात खणखणीत आवाजात जेवणाची वर्दी देत. बाजाराच्या दिवशी आम्ही बरोबर कडेगावला निघालो की माझं पाऊल त्यांच्या पावलाशी जुळलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह. भर रस्त्यात, चार बायामाणसांच्या देखत, "मास्तर, पाय बदला" असं सांगायचे. मी बदलायचो. माझ्या वर्गातली पोरं बांधावरून बघत असायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात माझ्या मागे कोणीतरी पाय आपटत चालायचं.

कोंबड्यांची कवायत सकाळी. सुभेदार परड्यात उभे राहून शिट्टी फुंकत, की सगळ्या कोंबड्या खुराड्यातून, उकिरड्यावरून, तुळईवरून धावत येऊन त्यांच्या पायाशी जमत. 'फालीन', म्हणजे रांगेत या, म्हणून ते ओरडत आणि मग जोंधळ्याची मूठ लांबच्या लांब रेघेत टाकत. कोंबड्या दाणे टिपायला रेघेत उभ्या राहायच्या. ती रेघ शिस्तीची आहे असं सुभेदार धरून चालत. मी एकदा दाण्यांचा विषय काढून पाहिला. ते म्हणाले की पलटणीत तरी दुसरं काय असतं, पण आपण तसं बोलत नाही.

संध्याकाळी हीच शिट्टी गावाबाहेरच्या खळ्यावर वाजे. तिथे पोरं. गावातल्या तरण्या पोरांना सुभेदार पळवत, कुस्ती खेळवत, सुतळीने त्यांच्या छात्या मोजत, आणि पोरगं भरलं की स्वतः बरोबर जाऊन सांगलीला भरतीच्या साहेबापुढे उभं करत. दर घटकेला त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "पाठ दाखवली की माणूस संपला." पोरं ते वाक्य दम लागलेला असताना एका सुरात म्हणत. सुभेदारांपुढे उभं राहायचं म्हणजे ताठ, आणि नजर खाली न घालता. आईबापांना न भिणारी पोरं त्यांना भीत, आणि त्यांच्यावर जीवही टाकत.

भरतीला गेलेल्यांत दोघं जण, मी गावात येण्याच्या थोडं आधी, एकाच दिवशी गेले होते. एक सुभेदारांचा एकुलता एक मुलगा यशवंत आणि दुसरा शेजारच्या आक्काचा ज्ञानू. आक्का विधवा. दुसऱ्यांच्या उसात राबायची, हंगामात गुऱ्हाळावर जायची. पोरं बरोबरच वाढलेली. ज्ञानूला बाप नव्हता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने जे काही होतं ते सुभेदारच. यशवंत खळ्यावर कधीमधी दांडी मारायचा, ज्ञानू कधीच नाही, असं आक्का मला कौतुकाने सांगायची.

निघायच्या आदल्या दिवशी आक्काने म्हसोबाला नवस केला. एक तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, देवापुढे नेऊन तिला कुंकू लावलं आणि पोरगं सुखरूप घरी आलं की ही तुझी असं सांगून आली. सुभेदारांनी आधी तिची थट्टा केली. मग संध्याकाळी स्वतःच त्याच उबवणीतली दुसरी तलंग काखेत मारून म्हसोबाकडे गेले. मला पुढे सांगताना म्हणाले की एकटीचा अर्ज गेला तर देव एकाच पोरावर ध्यान ठेवील, तेव्हा दोन्ही अर्ज बरोबर गेलेले बरे.

अशा दोन्ही कोंबड्या देवाच्या नावाने सुटल्या. नवसाची कोंबडी विकायची नाही, कापायची नाही, तिला मारायचं नाही. पोरगं घरी आलं की वाजतगाजत देवाकडे न्यायची आणि सगळ्या गावाला प्रसाद द्यायचा. आक्का दिवसभर रानात, आणि तिच्या झोपडीभोवती मुंगसं फिरत, म्हणून तिचीही कोंबडी सुभेदारांच्याच खुराड्यात राहिली. सुभेदारांची होती ती काळीभोर. आक्काची ठिपक्यांची. एकाच कोंबडीखाली उबवलेल्या त्या दोघी बहिणी.

काळी मोठी झाली आणि तिने सगळं परडं ताब्यात घेतलं. दाणे टाकले की आधी ती. दुसरी कोणी पुढे आली की तिच्या मानेवर चोच. खुराड्यात सगळ्यांत वरच्या दांडीवर ती, आणि शेजारी कोणी बसायचं नाही. कोंबड्यांत असं थोडंफार चालतंच, म्हणे. पण काळीचं वैर एकीशी जास्त होतं, आणि ती एक म्हणजे ठिपकी. ती दाण्याजवळ दिसली की काळी अर्ध्या परड्यातून धावत यायची आणि तिच्या पाठीची पिसं उपटायची. उपटलेल्या जागी रक्त दिसलं की बाकीच्या गरीब कोंबड्याही येऊन तिथेच चोच मारायच्या.

सुभेदारांना हे फार लागलं. दुसऱ्याची कोंबडी आपल्याकडे ठेवीला आहे आणि आपलीच कोंबडी तिला फाडते, ही त्यांच्या दृष्टीने पलटणीची अब्रू गेल्यासारखी गोष्ट होती. जखमेवर ते चुलीतली राख आणि तेल कालवून लावत, म्हणजे लाल रंग दिसायचा नाही. काळीला त्यांनी डालग्याखाली टाकलं. काही दिवस एकटी ठेवून सोडलं की ती बावरल्यासारखी व्हायची, बाकीच्यांना तिचा धाक उरलेला नसायचा, आणि एक-दोन दिवस परड्यात रामराज्य असायचं. मग एखाद्या सकाळी पुन्हा पिसं उडालेली. दाणे दोन टोकांना टाकून पाहिले. ती दोन्हीकडे धावायची. पायात लाकडाचं लोढणं बांधलं. ती लोढण्यासकट धावायची. शेवटी कानशीने तिच्या चोचीचं टोक घासलं. पिसं धरता येईनाशी झाली, पण टोक वाढल्यावर तिने राहिलेलं सगळं भरून काढलं.

एकदा त्यांनी माझा सल्ला घेतला. माझ्या वर्गात एक दांडगट मुलगा होता, त्याला मी मॉनिटर करून टाकलं होतं आणि तो बराच निवळला होता. सुभेदारांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी काळीला लान्सनायक केलं. कवायतीत सगळ्यांसमोर तिच्या पायाला तांबडी फीत बांधली. ती तांबडी फीत पाहून बाकीच्या कोंबड्यांनी एकजुटीने तिच्या पायावर हल्ला चढवला. काळी प्रथमच पळाली आणि माझ्या खिडकीतून आत येऊन पीठ चाळून ठेवलेल्या परातीत उभी राहिली. सुभेदारांनी तिची बढती त्याच दिवशी रद्द केली. हा प्रसंग मी सगळ्यांना सांगतो.

आक्का रोज संध्याकाळी रानातून येताना मूठभर दाणे आणायची, ठिपकीला मांडीवर घेऊन चारायची, तिची पाठ बघायची. पाठ सोललेली दिसली की सुभेदार तिच्यासमोर अपराध्यासारखे उभे राहून दिवसभरात काळीला काय काय शिक्षा झाली ते सांगायचे. आक्का हसून म्हणायची की असू दे, जनावर आहे.

मग ज्ञानू पडल्याची तार आली. आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून तार घेऊन सुभेदार गेले. बूट, पटका, बिल्ले, सगळा पोशाख करून गेले. मी मागे होतो. त्यांनी तार वाचली आणि मग म्हणाले, ज्ञानूने छातीवर गोळी घेतली, पाठ दाखवली नाही. तारेत तसं काहीच नव्हतं. आक्काने विचारलं, "म्हंजी त्यो आता यायचा न्हाई?"

पुष्कळ दिवस आक्का आमच्याकडे फिरकली नाही. ठिपकीचं काय करायचं हे कोणी तिला विचारलं नाही. देवाने काम केलं नव्हतं, तेव्हा ती देवाची राहिली नव्हती, आणि परत नेऊन विकायची तर ज्ञानूच्या नावाची. ती आमच्या परड्यात एका कडेला राहिली.

नंतर एका संध्याकाळी आक्का आली. ओच्यात दाणे होते. ठिपकी ओळखीने पुढे आली, पण आक्काने तिला हाताने बाजूला सारलं आणि दाणे काळीपुढे टाकले. काळी त्या वेळी डालग्याखालून नुकती सुटली होती. आक्का सुभेदारांना म्हणाली, "आता हिला कोंडू नगा. चोचबी घासू नगा. ही यशवंताच्या नावाची हाय. माजं गेलं, तुमचं तरी धड येऊंदे."

तेव्हापासून काळीला शिक्षा बंद झाली. आक्काचा शब्द मोडायची सुभेदारांची छाती नव्हती. काळीला रान मोकळं मिळालं आणि ठिपकीच्या पाठीवर पीस म्हणून राहिलं नाही. आक्का रोज यायची, आपल्याच कोंबडीला फाडणाऱ्या कोंबडीला मूठ मूठ दाणे घालायची, आणि जाताना विचारायची की यशवंताचं काही कळलं का. सुभेदार सांगायचे, लढाईवर आहे, खुशाल असेल.

तोवर ते ठाऊक होतं तेच सांगत होते. मग एक दिवस कवायतीची शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ताप आला असेल. शाळेला निघण्याआधी मागच्या खिडकीतून डोकावलो, तर परड्यात एक दाढी वाढलेला, हाडं निघालेला तरुण भिंतीला टेकून बसला होता आणि काळी त्याच्या हातातले दाणे टिपत होती. चेहरा बापाचाच होता. तेवढ्यात सुभेदार आले. त्यांनी मला पाहिलं. पायात बूट नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी काय बघितलं न्हाई."

मी म्हटलं, नाही. आणि खिडकी लावून घेतली.

यशवंत इस्पितळातून पळाला होता. आधी मुलुखभर भटकला, कुठे वीटभट्टीवर, कुठे गोदीत राबला, आणि शेवटी जायला जागा नाही म्हणून उसाउसातून लपत घरी आला. पळून आलेल्यांच्या मागावर पोलीस गावोगाव येत असत, हे मलाही ठाऊक होतं. पण सुभेदारांना पोलिसांची भीती होती असं मला वाटत नाही. त्यांना भीती गावाची होती, आणि गावातही एकाच घराची.

नवसाची अडचण तिथेच होती. पोरगं सुखरूप घरी आलं होतं, म्हणजे देवाने आपलं काम केलं होतं आणि काळी आता त्याची झाली होती. ती नाही दिली तर देवाशी खोटेपणा. दिली तर सगळ्या गावाला तोंडाने सांगितल्यासारखंच की यशवंत आलाय. मग कुठून आला, कसा आला, आणि सोबतीचा का नाही आला. सुभेदार परड्यात त्या कोंबडीकडे बघत बसलेले मला दिसायचे. आवाजच गेला होता त्यांचा. खळ्यावर जाणं बंद झालं, पारावर बसणं बंद झालं. बाजाराला जाताना माझं पाऊल चुकलं तरी काही बोलत नसत. मी मुद्दाम चुकवूनही पाहिलं.

संध्याकाळ झाली की मात्र आक्का यायची. यशवंत आत अंधारात बसलेला, बाहेर ती काळीला दाणे घालायची आणि विचारायची, "यशवंताचं काय कळलं का वो?" आणि ज्या माणसाने जन्मात मान खाली घातली नव्हती, तो बोटांनी धोतराचा सोगा चुरगळत म्हणायचा, "न्हाई. काय न्हाई कळलं." ती म्हणायची, यील, यील, म्हसोबा हाय. मी खिडकीआड असायचो. कानात बोटं घालावीत असं वाटायचं. त्यांच्या कोंबड्यांपायी, त्यांच्या कवायतीपायी मला आजवर वाटलेली लाज म्हणजे पोरखेळ होता, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका संध्याकाळी आक्का काळीला चारत असताना ठिपकी हळूच जवळ आली. भुकेली असणार. काळीने तिला आक्काच्या पायाशीच खाली पाडलं आणि उघड्या पाठीवर टोचायला लागली. सुभेदार धावले. आक्काने हात आडवा केला. "ऱ्हाऊंदे," ती म्हणाली, "देवाच्या कोंबडीला हात लावू नगा, यशवंताला लागंल." आणि स्वतः ठिपकीला ओढून काढलं, पदराने तिचं रक्त पुसलं आणि पुन्हा खाली सोडलं. सुभेदार घरात गेले ते त्या रात्री जेवले नाहीत, हे मला सकाळी चुलीतल्या न विस्कटलेल्या राखेवरून समजलं.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकतो. त्या सकाळीच काळी म्हसोबाला गेली. गावाने प्रसाद खाल्ला, काहींनी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदार यशवंताला घेऊन मोटारीत बसले आणि बेळगावला पलटणीच्या छावणीत त्याला स्वतः हजर करून आले. त्याला कैद झाली. लढाई संपल्यावर तो परत आला आणि शेती करू लागला. बाप-लेक एका घरात राहत, एका लंगरात जेवत, पण कामापुरतंच बोलत, असं मी वाईला बदलून गेल्यावर ऐकलं. खळ्यावरची शिट्टी पुन्हा वाजली नाही. परड्यात काळी गेल्यावर महिनाभरात एका तांबूस, आजवर सगळ्यांत भित्र्या कोंबडीने बाकीच्यांना टोचायला सुरुवात केली. सुभेदार नुसते बघत बसले. मी विचारलं, डालगं आणू का. ते म्हणाले, कशाला.

पण मला जे आजवर कोणाला सांगता आलं नाही ते त्या सकाळचं, काळीला देवाकडे नेण्याआधीचं.

सकाळीच सुभेदार माझ्या दारात आले. पूर्ण पोशाखात होते. बूट चकाकत होते. काखेत काळी होती आणि मागे यशवंत, दाढी केलेला, बापाचा सदरा घातलेला. सुभेदार म्हणाले की देवाकडे जायचं आहे, पण आधी शेजारी जाऊन रपोट द्यायचा आहे, आणि रपोट द्यायचा म्हणजे साक्षीदार लागतो. मी नको म्हणणार होतो. त्यांच्या तोंडाकडे बघून निघालो.

आक्का दारात जोंधळे पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं. आधी तिला वाटलं असावं की आणखी एखादी तार आली आहे, कारण ती माझ्या हाताकडे बघत होती. मग तिला यशवंत दिसला. ती उठून उभी राहिली.

सुभेदार तिच्यापुढे ताठ उभे राहिले, साहेबापुढे राहावं तसे. ते म्हणाले, "आक्का, यशवंत आलाय. आजचा न्हाई, लय दिस झालं. पळून आलाय. म्या तुमच्यापाशी रोज खोटं बोललो. आज हिला देवाला देतोय. पर आदी तुमास्नी सांगाया आलो."

आक्का त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने यशवंताच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ज्ञानू तुज्यासंगं हुता का रं शेवटाला?"

यशवंत खाली बघत म्हणाला, "इस्पितळात दोगंबी हुतो, आक्का. ताप हुता. उतरल्यावर परत म्होरं जायाचा हुकूम आला. मी म्हनलं, ज्ञानू, चल घरला जाऊ. लय इनवलं त्येला."

"मग?"

"त्यो म्हनला, जाऊ गड्या, पर सुभेदारांम्होरं हुबं कसं ऱ्हायाचं?"

काळी काखेत वळवळली, तेव्हा सुभेदारांनी तिला घट्ट धरलं. त्यांची मान अजून ताठच होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. मी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, तरी शरमेने माझे कान तापले होते.

मग आक्का पहिल्यांदा सुभेदारांकडे वळली. आवाज चढवला नाही. रोज यशवंताची खुशाली विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "तुमच्या पोरानं तुमचं ऐकलं न्हाई, सुभेदार. माज्यानं ऐकलं."

एवढं बोलून तिने यशवंताचा हात धरला आणि तू जेवलास का, असं विचारत त्याला आत घेऊन गेली. आतून भाकरीचं ताट वाढल्याचा आवाज आला. सुभेदारांना तिने आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आम्ही दोघं कोंबडी घेऊन दाराबाहेर उभे राहिलो.